‘येतंय की सर, पण सांगता येत नाही’: मेकॅनिकल डिप्लोमाच्या मुलाखत वर्गाच्या नोंदी

१६ डिसेंबर २०२४

आमच्या कॉलेजातल्या हिवाळी परीक्षा उरकल्या. सहावं सेमिस्टर लागलं की कंपन्यांचे फोन सुरू होतात, त्यात पहिला फोन चाकणचा आला. ब्रेकचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येणार. पद डिप्लोमा ट्रेनीचं, विभाग प्रॉडक्शन, क्वालिटी आणि मेंटेनन्स. अट नेहमीचीच: दहावीपासून ६० टक्के आणि एकही विषय राहिलेला नको.

कपाटातून प्रश्नवही काढली. प्लेसमेंटचं काम अंगावर आल्यापासून ही वही चालू आहे. मुलाखत देऊन आलेल्या मुलाला दारातच गाठायचं आणि काय काय विचारलं ते तिथल्या तिथं लिहून घ्यायचं. एकदा तो कँटीनकडे वळला आणि मित्रांच्यात मिसळला की त्याला फक्त आपलं चुकलेलं उत्तर आठवतं, बाकी सगळं पुसलं जातं. वही चाळताना एक गोष्ट दर वर्षी दिसते. डिप्लोमाच्या मुलाला विचारायचे प्रश्न फार थोडे आहेत आणि तेच तेच आहेत: व्हर्नियरचा लिस्ट काउंट (त्या सरकत्या मोजपट्टीवर वाचता येणारं सगळ्यात लहान माप), फिट आणि टॉलरन्स (दोन भाग एकमेकांत कसे बसतात आणि मापात किती फरक चालतो), एम१० टॅपला ड्रिल कितीचं (आटे पाडायच्या आधी छिद्र केवढं), फर्स्ट अँगल की थर्ड अँगल (ड्रॉइंगमध्ये दृश्यं मांडायच्या दोन पद्धती), ट्रेनिंग कुठं केलं आणि तिथं नेमकं काय केलं. एवढं असूनही पोरं अडखळतात.

वरून सूचना आली की पुण्याहून सॉफ्ट स्किलचा प्रशिक्षक बोलवावा. गेल्या वर्षी बोलावला होता. मुलांना हस्तांदोलन झकास जमलं, लिस्ट काउंट कसा काढला ते मात्र कुणाला सांगता आलं नाही. या वेळी वर्ग मेट्रॉलॉजी (मोजमापाच्या) लॅबमध्ये घ्यायचा ठरवला आहे. प्रोजेक्टर नाही. टेबलावर जॉब (मोजायचा सुटा भाग), हातात व्हर्नियर, आणि बोलायचं त्याच्यावरच.

१९ डिसेंबर

पहिली फेरी. प्रत्येकानं पुढं येऊन स्वतःबद्दल बोलायचं.

सगळ्यांचा परिच्छेद एकच निघाला. ‘माय सेल्फ अमुक अमुक, आय ॲम फ्रॉम कोल्हापूर, माय स्ट्रेंग्थ इज हार्डवर्क, माय हॉबी इज प्लेइंग क्रिकेट.’ कमकुवत बाजू विचारली की ‘आय ट्रस्ट पीपल टू इझिली’. हा परिच्छेद कुठल्या तरी व्हिडिओतून आलाय आणि बॅचमागून बॅच झेरॉक्स होत चाललाय. एकाला मध्येच थांबवून विचारलं, ‘क्रिकेटमध्ये काय करतोस, बॅटिंग की बोलिंग?’ तो गप्प. शेवटी म्हणाला, ‘सर, मी खेळत नाही. लिहिलंय तसं म्हटलं.’

वर्ग संपल्यावर शिरोळचा मुलगा मागं थांबला. अभ्यासात बरा आहे, प्रॅक्टिकलला हात चांगला आहे. म्हणाला, ‘येतंय की सर सगळं. पण समोर कोण बसलं की तोंडातनं निघत नाही.’

त्याचं बरोबर आहे. मुलं दुसऱ्याचं वाक्य पाठ करून बोलायला जातात आणि ते वाक्य विसरलं की खाली काहीच नसतं. या वर्गात परिच्छेद बंद. नाव, गाव, मग थेट एक काम सांगायचं, जे स्वतःच्या हातानं केलंय.

२३ डिसेंबर

औद्योगिक प्रशिक्षणाचे अहवाल काढून बसलो. चौथ्या सेमिस्टरनंतर मुलं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांत जातात. अहवाल सुबक बांधलेले असतात. पहिली काही पानं कंपनीचा इतिहास, मग संघटन तक्ता, मग इंटरनेटवरून उतरवलेली ‘कास्टिंग प्रोसेस’. त्या मुलानं तिथं काय केलं याचा कुठं पत्ताच नाही.

शिरोळच्या मुलाला समोर बसवलं. ट्रेनिंग शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात.

‘काय केलंस तिथं?’

‘काय नाही सर. बघत हुतो नुसतं.’

‘सकाळी आत गेल्यावर पहिल्यांदा कुठं जायचास?’

‘सँड लॅबमध्ये.’

‘तिथं काय करायचास?’

‘ते... वाळूचं सँपल आणायचो. मिक्सरवरनं.’

‘किती वेळानं?’

‘तासाला एकदा. ते वजन करायचं, ट्यूबमध्ये घालायचं, रॅमरचे तीन ठोके द्यायचे. मॉइश्चर बघायचं. कॉम्पॅक्टेबिलिटी लिहायची.’

हा मुलगा ‘काय नाही’ म्हणत होता. कॉम्पॅक्टेबिलिटी म्हणजे ठोक्यांनी वाळू किती दबते ते. ग्रीन सँडचा, म्हणजे ओलसर वाळूचा, साचा वाळू, बेंटोनाइट (चिकणमाती), कोळशाची भुकटी आणि पाणी यांचा असतो. पाण्याचं प्रमाण साधारण तीन-चार टक्क्यांत ठेवावं लागतं. जास्त झालं तर ओतताना वाफ धरते आणि कास्टिंगला ब्लो होल (वायूच्या पोकळ्या) येतात, कमी झालं तर साच्याच्या कडा ढासळतात. तो नियंत्रणाचा आकडा दर तासाला हा पोरगा लिहीत होता. पुढं विचारलं, आकडा वर गेला तर काय व्हायचं? म्हणाला, मिक्सरवाल्या मामांना जाऊन सांगायचो, ते पाणी कमी करायचे. एकदा पाऊस झाला होता, वाळू उघड्यावर भिजली होती, त्या दिवशी दुपारपर्यंत आकडा जागेवर येईना आणि रिजेक्शन वाढलं.

हेच त्याचं मुलाखतीतलं उत्तर. इथं मोजमाप आहे, कारण आहे, परिणाम आहे, शिवाय आपण कुणाला सांगितलं हेही आहे. त्याच्याकडून पाच वाक्यांत लिहून घेतलं, मराठीतच. अहवालात यातली एक ओळ नाही, कारण त्याला वाटत होतं की हे काय सांगायचं, हे तर मामा पण करतात.

उरलेल्यांसाठी हाच धागा धरायचा. ‘काय शिकलास’ विचारलं की पोपटपंची सुरू होते. ‘सकाळी आत गेल्यावर पहिल्यांदा कुठं गेलास’ विचारलं की खरं काम बाहेर येतं.

२७ डिसेंबर

बायोडाटा तपासणी. एक पान, त्याच्या वर एक ओळ नाही. ‘ऑब्जेक्टिव्ह’ सगळ्यांचं उडवलं. ऑटोकॅड, कॅटिया, सॉलिडवर्क्स, एन्सिस असं चार-चार लिहून ठेवलेलं होतं. नियम सांगितला: आत्ता कॉम्प्युटरवर बस आणि एक फ्लँज काढून दाखव, जे सॉफ्टवेअर उघडता येतं तेवढंच ठेव. बहुतेकांच्या यादीत ऑटोकॅड उरलं. समोरच्या माणसाला प्रश्न तुम्हीच पुरवत असता, बायोडाटात ‘एन्सिस’ लिहिलं की तो एन्सिसच विचारणार.

इचलकरंजीच्या मुलाच्या घरी यंत्रमाग आहेत. बायोडाटात त्याचा उल्लेख नाही, वडिलांचा व्यवसाय ‘बिझनेस’. मागाची पट्टी तुटली, शटल अडकलं, बेअरिंग गरम झालं की तेल-ग्रीस-पाना घेऊन हाच उभा राहतो, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे. मेंटेनन्सच्या जागेसाठी याच्याहून जास्त अनुभव वर्गात कुणाला नाही. लिहायला लावलं. आढेवेढे घेत लिहिलं.

२ जानेवारी २०२५

आज लॅब. टेबलावर एक बुश (नळीसारखा पोकळ भाग) ठेवला, बोअर म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर. प्रत्येकानं मोजायचा आणि मोजताना मोठ्यानं सांगत जायचं.

पहिल्या मुलानं व्हर्नियर उचलला आणि थेट आत घातला. थांबवलं. जबडे मिटून शून्य जुळतंय का ते आधी बघ. चाकणवाल्यांचा माणूस तुझ्या उत्तराआधी तुझा हात बघतो. मग बोअर मोजताना जबडा जरा डोलवायचा, आडवा फिरवून सगळ्यात मोठं रीडिंग घ्यायचं, नाहीतर जीवा मोजली जाते, व्यास नाही.

लिस्ट काउंट: ‘०.०२’ हे सगळ्यांना पाठ आहे. कसा काढला? मग ततपप. फळ्यावर काही लिहिलं नाही, व्हर्नियर हातातच ठेवून भाग मोजायला लावले. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरांचे सरकपट्टीवर ५० भाग केलेत, म्हणजे एक भाग ०.९८, आणि एकातून ०.९८ गेले की ०.०२. मायक्रोमीटरला पिच (स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर) अर्धा मिलिमीटर, थिंबलवर (फिरत्या नळीवर) ५० भाग, म्हणून ०.०१. एकदा बोटानं मोजलं की पाठ करावं लागत नाही.

पुढचा प्रश्न हा खरा चाळणीचा आहे आणि वहीत तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाखाली सापडतो: ‘ड्रॉइंगवर बोअर २५ एच७ आहे. या व्हर्नियरनं तपासशील का?’

वर्गातून ‘हो सर’.

एच७ म्हणजे २५ च्या छिद्राला चालणारा फरक शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तुमच्या व्हर्नियरचा एक भागच २० मायक्रॉन. आख्खी टॉलरन्स एका रेघेत बसली. मोजायचं साधन टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतकं तरी बारीक पाहिजे, हा शॉपमधला ढोबळ नियम. मग इथं बोअर गेज, किंवा रोजच्या तपासणीला प्लग गेज. प्लग गेजचं ‘गो’ टोक २५.००० चं आणि ‘नो गो’ २५.०२१ चं. यातही निम्म्यांनी उलटं सांगितलं. गो टोक छिद्राची खालची मर्यादा तपासतं, ते गेलंच पाहिजे. नो गो वरची तपासतं, ते जाता कामा नये. गेज हातात देऊन बुशात घालायला लावलं. गो आपल्या वजनानं सुळकन गेलं, नो गो तोंडाशी अडलं. गडहिंग्लजच्या मुलीनं नो गो जरा दाबून बघितलं, तिला तिथंच सांगितलं की गेज दाबायचा नसतो. दाबणारा माणूस क्वालिटीत नको असतो.

दीड तास एका बुशावर गेला.

७ जानेवारी

ड्रॉइंग. फर्स्ट अँगलचं चिन्ह आणि थर्ड अँगलचं चिन्ह. भारतीय मानकाप्रमाणे आपण फर्स्ट अँगल शिकतो, पण अमेरिकी ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं. म्हणून ड्रॉइंग हातात आलं की आधी कोपऱ्यातला टायटल ब्लॉक (चिन्ह असलेली चौकट) बघायचा. घाईत कुणी बघत नाही.

शाफ्टला (बुशात बसणाऱ्या दांड्याला) जी६ ही मर्यादा दिली तर २५ साठी वजा ७ ते वजा २० मायक्रॉन. एच७ च्या बुशात बसवला तर कमीत कमी मोकळीक ७ मायक्रॉन, जास्तीत जास्त ४१. हे गणित तोंडी करायला लावलं. पी६ घेतलं तर शाफ्ट छिद्रापेक्षा मोठाच, प्रेसनं बसवावा लागणार. हे सगळं दुसऱ्या वर्षात शिकवून झालेलं आहे, परीक्षेत आठ-आठ मार्कांना लिहिलेलंही आहे.

टॅप ड्रिल: व्यासातून पिच वजा. एम१० ला पिच १.५, ड्रिल ८.५. एम८ ला ६.८. हे उत्तर क्षणात आलं पाहिजे, त्यात विचार करायला वेळ घेतला तर समोरच्याला कळतं की हा टॅपिंगला कधी उभा राहिलेला नाही.

१० जानेवारी

भाषेचा विषय निघणारच होता. ‘सर, इंग्लिशमध्ये विचारलं तर?’

वहीचा दाखला दिला. शॉपचा मॅनेजर प्रश्न इंग्रजीत सुरू करतो, मुलगा अडला की हिंदीवर येतो, आणि तो या बाजूचा असला तर मराठीवर. त्याला बघायचं असतं की मुलाला कळतंय का. त्यामुळं वर्गाचा रिवाज असा ठेवला: पहिली दोन वाक्यं इंग्रजीत, तीही स्वतः जुळवलेली. पुढं अडलं तर सरळ विचारायचं, ‘सर, कॅन आय एक्सप्लेन इन हिंदी?’ आणि मोकळं बोलायचं. तांत्रिक शब्द तसेही इंग्रजीच आहेत. बोअर, क्लिअरन्स, ऑफसेट, रनआउट यांना शॉपमध्ये दुसरं नाव नाही. अर्धवट इंग्रजीत चुकीचं सांगण्यापेक्षा हिंदीत बरोबर सांगितलेलं शंभर पटीनं बरं.

माझ्या एका सहकाऱ्याला हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, पुढं बढती इंग्रजीवरच अडते. तेही खरं आहे. पण बढती पुढची गोष्ट, आधी गेटच्या आत जाऊ दे.

१४ जानेवारी

संक्रांत. वर्ग नाही. शिरोळच्या मुलानं वाळूवरची पाच वाक्यं इंग्रजीत करून व्हॉट्सॲपला पाठवली. स्पेलिंग काही ठिकाणी चुकलंय, मजकूर त्याचा स्वतःचा आहे.

२० जानेवारी

माजी विद्यार्थी आला होता, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत क्वालिटीला आहे. त्याला मुद्दाम खुर्चीवर बसवलं आणि मी मागं जाऊन बसलो. आमच्या तोंडावर पोरं सरावली आहेत, अनोळखी माणूस पाहिजे.

त्यानं सगळ्यांना एकच प्रश्न घातला, सीएनसीवरचा, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवरचा. ‘थर्ड शिफ्ट आहे, रात्रीचे दोन वाजलेत. सीएनसीवर बोअर वरच्या मर्यादेच्या बाहेर जायला लागला. तू एकटा आहेस. काय करशील?’

पहिलं उत्तर, ‘फिशबोन डायग्राम काढीन,’ म्हणजे कारणं शोधायची आकृती. माजी विद्यार्थी हसला. म्हणाला, ‘डायग्राम होईपर्यंत मशीन पीस टाकतच राहील, भावा.’

दुसऱ्यानं सांगितलं, ‘टीप झिजली असेल, टीप बदलीन.’ टीप म्हणजे कापणारं टोक. माजी विद्यार्थ्यानं मान डोलावली नाही, नुसतं पुढच्याकडं बघितलं. तिथं गडहिंग्लजची मुलगी होती. ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘सर, बोरिंगची टीप झिजली तर बोअर लहान यायला पाहिजे. मोठा येतोय, म्हणजे ऑफसेट (मशीनला दिलेली टीपच्या जागेची दुरुस्ती) कुणीतरी बदललाय, नाहीतर नवी टीप लावून ऑफसेट घेतला नाही.’

वर्गात शांतता. माजी विद्यार्थ्यानं विचारलं, ‘हे कुठं शिकलीस?’ तिच्या मामाचा गोकुळ शिरगावला छोटा जॉबवर्कचा शेड आहे, सुट्टीत तिथं बसते. हे तिच्या बायोडाटात नव्हतं. आता आहे.

मग त्यानं पूर्ण उत्तर बांधून दिलं. आधी मशीन थांबवायचं. शेवटचा चांगला पीस कुठला ते शोधायचं आणि त्याच्यानंतरचे सगळे वेगळे काढून लाल बिनमध्ये टाकायचे. मग शिफ्ट सुपरवायझरला कळवायचं, आणि त्यानंतर कारण शोधायचं. व्हाय-व्हाय (पुन्हा पुन्हा ‘का’ विचारणं), फिशबोन हे सगळं सकाळच्या मीटिंगला. या क्रमात ‘कळवायचं’ हा शब्द आला नाही तर मॅनेजर घाबरतो. नव्या ट्रेनीनं रात्री परस्पर ऑफसेट फिरवणं हे त्याच्या दृष्टीनं खराब पीसपेक्षा वाईट.

कुणालाच जमली नाही ती गोष्ट म्हणजे ‘माहीत नाही’ म्हणणं. उत्तर येत नसलं की पोरं काहीतरी रचतात. त्यानं एकाला मुद्दाम न शिकवलेलं विचारलं, पोरानं ठोकून दिलं, मग त्यानं त्यावरच पुढचे तीन प्रश्न विचारले. पोरगा घामाघूम.

२७ जानेवारी

एचआरच्या प्रश्नांवर वर्ग. हा भाग मला फारसा आवडत नाही, कारण इथं ‘बरोबर’ उत्तर म्हणजे समोरच्याला हवं ते उत्तर, असं मुलांना वाटतं.

‘पुढं शिकणार का?’ हा सगळ्यात अडचणीचा. निम्म्या वर्गाच्या मनात थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग आहे. कंपनीला भीती असते की जूनमध्ये घेतलेला पोरगा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कॉलेजला पळेल, आणि ती भीती खोटी नाही. ‘नाही, अजिबात शिकणार नाही’ हे उत्तर कुणी खरं मानत नाही. ज्याला खरंच जायचंय त्यानं या मुलाखतीला बसू नये, दुसऱ्याची जागा अडते, हे स्पष्ट बोललो. ज्याला नोकरी करत शिकायचंय त्यानं तसं सांगावं. २०२३-२४ पासून एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं) नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेच्या पदवी अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे, तेव्हा हे उत्तर आता हवेतलं राहिलेलं नाही.

मुलींना वेगळं विचारतात. नाइट शिफ्ट चालेल का, घरचे पाठवतील का, लग्नाचं काय. पहिले दोन प्रश्न कामाशी जोडलेले म्हणून समजू शकतो. लग्नाचा प्रश्न मुलांना विचारत नाहीत. मुलींना सांगितलं, उत्तर द्यायला बांधील नाही, शांतपणे म्हणायचं, ‘सर, कामाबद्दल विचारा.’ हे म्हणणं सोपं नाही, नोकरी हवी असते. सराव मात्र करून घेतला. पहिल्यांदा सगळ्या हसल्या, मग आवाज स्थिरावला.

३ फेब्रुवारी

कागदावरचं वाचायला शिकवणं. ‘डिप्लोमा ट्रेनी’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि मुलं तिन्हींना ‘जॉब लागला’ म्हणतात.

एक, शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली, नॅट्सच्या (केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी योजनेच्या) पोर्टलवर करार, मुदत वर्षाची. डिप्लोमाला विद्यावेतनाची किमान पातळी २०१९ च्या नियमांत महिना ८,००० रुपये ठरली. यात पीएफ नाही, आणि वर्ष संपल्यावर कायम करायची सक्ती कंपनीवर नाही. दोन, कंपनीच्या स्वतःच्या पटावरचा ट्रेनी. तीन, मधल्या एजन्सीच्या पटावर, काम कंपनीत. तिन्ही वाईट नाहीत. पण आपण कशावर सही करतोय ते माहीत पाहिजे. म्हणून शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हटलं की हाच प्रश्न: ‘सर, नेमणूक कुणाच्या पटावर असेल आणि ट्रेनिंगनंतर काय?’ ‘नो सर, थँक्यू’ बंद.

सीटीसी (कंपनीला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च) आणि हातात येणारे पैसे. मूळ वेतन १०,००० धरलं तर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,२०० तुमचे कापले जातात, आणि कंपनीचे १,२०० सीटीसीत आधीच धरलेले असतात. व्यवसायकर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. बायकांना महिना २५,००० पगारापर्यंत माफ. कँटीन, बस वेगळं कापतात की नाही ते विचारायचं. मुलांनी भराभर उतरवून घेतलं. आख्ख्या वर्गात एवढं लक्ष देऊन त्यांनी दुसरं काही ऐकलेलं नाही.

एका पालकांचा फोन. कुठल्याशा कन्सल्टन्सीनं नोकरी पक्की सांगून मूळ मार्कशीट आणि डिपॉझिट मागितलंय. मूळ कागद तपासायला दाखवायचे आणि लगेच परत घ्यायचे, ठेवून कुणाकडं यायचं नाही, आणि नोकरीसाठी पैसे देणं म्हणजे फसवणुकीला आमंत्रण. त्यांना पटलं असावं, नंतर फोन आला नाही.

७ फेब्रुवारी

कागदपत्रं. दर वर्षीचा घोळ: दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गायब, आणि एकाच्या आधारवर जन्मतारखेऐवजी नुसतं वर्ष. रुजू होताना पीएफच्या नोंदणीत हेच अडतं. ज्यांचं जुळत नाही त्यांना आजच आधार केंद्रावर पाठवलं.

शर्ट कुठला, बूट कुठले यावर बरीच चर्चा झाली. स्वच्छ, इस्त्रीचा, बाही खाली. अंगठी, कडं काढायचं. लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला ते कळायला पाहिजे.

११ फेब्रुवारी

कंपनी आली. सकाळी लेखी परीक्षा: शेकडेवारी, काळ-काम-वेग, थोडं मेकॅनिकल. गणितात बरेच गळाले. याचा सराव मुलं स्वतः करतील असं धरलं होतं, बऱ्याच जणांनी केलाही होता.

दुपारी मुलाखती. आत प्लांटचे मॅनेजर आणि एचआरच्या मॅडम. मी वही घेऊन दारात.

शिरोळचा मुलगा बाहेर आला तो जवळपास पळतच. टेबलावर कास्टिंग ठेवलं होतं, ‘हे काय आहे?’ त्यानं उचललं, पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांची जोडरेघ) आणि गेट (धातू आत ओतायची वाट) तोडल्याची खूण दाखवली, ब्रेक कॅलिपरचं कास्टिंग म्हणाला. ‘ग्रे आयर्न की एसजी?’ हे बिडाचे दोन प्रकार. पोरानं खिशातली किल्ली काढून टकटक केलं. खणखणीत आवाज आला, तेव्हा एसजी म्हणाला, ग्रे असतं तर बद्द वाजलं असतं. मॅनेजरनं विचारलं की हे कुणी सांगितलं. ‘मिक्सरवाल्या मामांनी.’ तिथून गाडी सँड लॅबवर गेली आणि उरलेला वेळ मॉइश्चरवरच. सगळं हिंदीत.

इचलकरंजीच्या मुलाचं वेगळं झालं. यंत्रमागाबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही. ब्रेकमध्ये हवा शिरली तर पेडल मऊ का लागतं, पास्कलचा नियम, मास्टर सिलिंडर. तो अडकला. ‘माहीत नाही’ म्हणाला मात्र, रचलं नाही. वहीत लाल शाईनं लिहिलं: कंपनी जे बनवते त्या वस्तूचं काम कसं चालतं, हे आधीच्या आठवड्यात प्रत्येकानं तयार करायचं. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबलं जात नाही, एवढ्यावर अर्धा प्रश्न सुटला असता.

गडहिंग्लजच्या मुलीला ऑफसेट, प्लग गेज, आणि मग अपेक्षेप्रमाणे लग्न. तिनं वर्गात घोटवलेलं वाक्य म्हटलं. एचआरच्या मॅडम हसून ‘सॉरी’ म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न विचारला.

१८ फेब्रुवारी

यादी आली. शिरोळचा मुलगा प्रॉडक्शनला, गडहिंग्लजची मुलगी क्वालिटीला, आणखीही काही जण. नेमणूक कंपनीच्या पटावर, निकालानंतर जूनअखेर रुजू. इचलकरंजीचा मुलगा यादीत नाही. दोन दिवस वर्गाला आला नाही, आज आला.

मुलीचे वडील कॉलेजात आले. चाकणला राहायचं कुठं, शिफ्टची बस दारापर्यंत येते का, रात्री गेटवर कोण असतं. प्रश्न रास्त होते. गेल्या वर्षी तिकडं गेलेल्या आमच्याच एका मुलीशी त्यांचं फोनवर बोलणं करून दिलं. तळेगावला तिघी खोली घेऊन राहतात, तिनं भाडं, डबा, बसची वेळ सगळं खडानखडा सांगितलं. वडील ‘घरी बोलून कळवतो’ म्हणून गेले.

३ मार्च

वडिलांचा होकार आला.

गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपनं पंधरवड्यात येतो म्हणून कळवलंय. त्यांना तोंडी मुलाखत नकोच आहे. सीएनसीवर उभं करून छोटा प्रोग्रॅम चालवून घेणार, जी७१ या कोडचं रफिंग (जाडसर कापणी), मग फिनिशिंग, ऑफसेट घेऊन दाखवायचं. इचलकरंजीच्या मुलाचं नाव पहिलं टाकलं. आमच्या सीएनसीचा कॉम्प्रेसर महिनाभर बंद आहे, बेल्ट उद्या येतोय. तो बसवायला त्यालाच सांगितलंय. मशीन चालू झालं की रोज संध्याकाळी चार ते सहा, दोघा-दोघांच्या जोडीनं.